निफाडहून विचारणा: लेकीच्या सरावाला परवडणारी, नेमकी रायफल कोणती? आणि बागेतल्या पाखरा-डुकरांचं काय?

बागायतदार_निफाड

राम राम मंडळी. चार वर्षांपासून इथलं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी आठवीत आहे. शाळेच्या शिबिरात तिनं एअर रायफल धरली आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही तिला. आता दर शनिवार-रविवार नाशकात क्लबला नेतो. सर म्हणतात, पोरगी स्थिर उभी राहते, हात चांगला आहे. पण क्लबची एक रायफल पाच मुलांत फिरते, हिच्या वाट्याला वीस मिनिटं येतात. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर आणि नेम धरायला वीस मिनिटं. म्हणून घरी एक घ्यायची आहे. तीस हजारांपर्यंत तयारी आहे, फारच ओढलं तर चाळीस.

दुसरी गोष्ट. अडीच एकर थॉमसन द्राक्षबाग आहे. मण्यात पाणी उतरलं की बुलबुल, साळुंक्या, पोपट यांचे थवे येतात, थंडीत भोरड्या येतात त्या वेगळ्या. शेजारच्या मक्यात रात्री डुकरं घुसतात. धाकटा भाऊ म्हणतो, एकच जबर रायफल घे, पोरीचा सरावही होईल आणि बागेची राखणही. गावात एकाच्या वडिलांच्या नावावर जुनी .३१५ आहे, तसलं काही घ्यावं असं त्याचं म्हणणं.

दोन्ही कामं एका रायफलीत होतात का? कोणती घ्यावी?

गोदाकाठ

दादा, स्वागत. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत. ते आधी वेगळे करा, नाहीतर पैसे जातील आणि एकही काम धड होणार नाही.

पाखरांवर छर्रा झाडायचा विचार मात्र मनातून काढूनच टाका. तुमच्याच तालुक्यात नांदूर मधमेश्वर आहे, २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ. लोक लांबून पक्षी बघायला तिथे येतात. मी स्वतः बारा वर्षं हिवाळ्यात तिथे जातोय. छऱ्यानं पंख मोडलेला पोपट बांधाला फडफडताना पाहिला आहे. तो लगेच मरत नाही.

कायद्याचं_बोला

बागायतदार साहेब, वकिली करतो म्हणून यातली कायद्याची बाजू नीट लिहितो. भाऊ सांगतात त्यात मोठा धोका आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातल्या ‘शिकार’ या शब्दात मारणं येतं, तसं जखमी करणं, पकडणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा. पूर्वी पाचवं परिशिष्ट होतं, त्यात उंदीर, वटवाघळं, कावळे असे ‘उपद्रवी’ प्राणी मोजलेले असत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ते परिशिष्टच गेलं. आता एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा तर केंद्र सरकार कलम ६२ खाली ठराविक भागापुरती, ठराविक मुदतीची अधिसूचना काढतं. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मोर पहिल्या परिशिष्टात, तिथे शिक्षा याहून कडक.

रानडुकरासाठी वाट आहे, पण ती वनखात्याच्या दारातून जाते. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती हातात नसताना कोणी डुक्कर मारलं तर तो शिकारीच. नुकसान झालं असेल तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्या, पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते. आपल्याकडे लोक कंटाळा करतात आणि हक्काचे पैसे सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. सौर कुंपणाला अनुदान आहे, तेही विचारा.

आता .३१५. ती सरकारी आयुध कारखान्याची, इशापूरला बनणारी स्पोर्टिंग रायफल. शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना हवाच. ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, नाशिक शहरात पोलीस आयुक्त. परवाना ज्याच्या नावावर, हत्यार त्याच्याच ताब्यात. गावातल्या कोणाची रात्रीपुरती आणली तर देणारा आणि घेणारा दोघंही अडकतात.

एअर रायफलचं सोपं आहे. ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ ची नळी आणि तोंडाशी २० ज्यूलपर्यंत ऊर्जा, एवढ्याला परवाना लागत नाही. नळी त्याहून मोठी किंवा ताकद त्याहून जास्त, की परवाना आलाच. दुकानदार ओळखपत्राची प्रत घेईल, पक्कं बिल मागून घ्या आणि जपून ठेवा.

दहा_मीटर

वकीलसाहेबांनी माझं अर्धं काम केलं. उरलेलं मी लिहितो, लांबेल, पण यावर थोडक्यात लिहिता येत नाही. गेली सतरा वर्षं गंगापूर रोडला राहतो आणि मुलांना रायफल धरायला शिकवतो.

आधी २० ज्यूलचा हिशेब, कारण दुकानात यावरूनच फसवणूक होते. छऱ्याचं वजन अर्धा ग्रॅम धरा. सेकंदाला २०० मीटर वेगानं गेला तर ऊर्जा १० ज्यूल. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१००० फूट’ लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण ३०५ मीटर. त्याच छऱ्यानं तो वेग खरंच मिळाला तर ऊर्जा २३ ज्यूल होईल, आणि ती रायफल परवान्यात जाईल. म्हणजे तो आकडा एक तर अगदी हलक्या छऱ्याचा असतो, नाहीतर खोटा असतो. एका दुकानात मला असाच आकडा छातीठोकपणे सांगितला. क्रोनोग्राफ म्हणजे छऱ्याचा वेग मोजायचं यंत्र लावून मोजला तर निम्म्याहून थोडा जास्त भरला.

आणि मुलीला हा वेग हवाय कशाला? ऑलिंपिकमधल्या मॅच रायफलीचा छर्रा सेकंदाला १७० ते १७५ मीटरनं जातो. जेमतेम आठ ज्यूल. कागदाला भोक पाडायला तेवढं पुरतं. लागतो तो सारखेपणा. पहिला छर्रा जसा गेला तसाच साठावा गेला पाहिजे.

दहा मीटरच्या टार्गेटवर मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा. नऊचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं, पुढे प्रत्येक वर्तुळ पाच-पाच मिलिमीटरनं वाढत एकाचं वर्तुळ ४५.५ पर्यंत. छऱ्याची कड ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे छऱ्याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडायला हवं. आता रायफल टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच छर्रे झाडा. सर्वांत दूरच्या दोन भोकांचं बाहेरून बाहेर अंतर मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. उत्तर पाचच्या आत आलं तर ती रायफल प्रत्येक वेळी दहा द्यायच्या लायकीची आहे, पुढची चूक मुलीची. उत्तर बारा आलं तर पोरगी दगडासारखी स्थिर उभी राहिली तरी तिला मध्येच आठ पडणार, आणि ती स्वतःला दोष देत बसणार. लहान मुलाचं मन यातच मोडतं. मी अशी मुलं खेळ सोडून गेलेली पाहिली आहेत. म्हणून रायफल निवडताना मी फक्त हा आकडा बघतो.

प्रकार तीन-चार. नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून भरायची स्प्रिंगची रायफल सर्वांत स्वस्त, देशी दहा-वीस हजारांत मिळते. तिच्यात ट्रिगर दाबला की जड पिस्टन पुढे धावतो, आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल हलते. आधी मागे, मग पुढे. म्हणून ती घट्ट आवळून धरली की नेम जातो. डाव्या तळव्यावर नुसती टेकवायची, खांद्याला हलकीशी लावायची, आणि दर वेळी हात त्याच जागी. पीसीपी म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेची. तिला धक्का जवळजवळ नाही, नेम शिकायला उत्तम. देशी तीस ते पन्नास हजारांच्या घरात, पण हवा भरायला हातपंप किंवा सिलिंडर हवं, तो खर्च वेगळा धरा. सीओटूची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसवर चालणारी, निफाडच्या थंडीत घेऊ नका. तुमच्याकडे पारा उतरला की गॅसचा दाब पडतो आणि छर्रा खाली लागतो. चौथा प्रकार एका दट्ट्यात हवा दाबणारा, जुन्या फाईनवेर्कबाऊ आणि वॉल्थर मॅच रायफली तशा असत. मिळाली तर सोनं, पण दट्टा ओढायला आठवीच्या मुलीचा जोर पुरतो का ते आधी बघा.

वीस हजारांत काय घेऊ, असं विचाराल तर माझं उत्तर: चांगल्या ट्रिगरची, मध्यम ताकदीची .१७७. जबर ताकदीची तर मुळीच नाही. ताकद वाढली की धक्का वाढतो आणि नळी मोडायलाही जोर लागतो. मग तिसाव्या छऱ्याला मुलीचा हात थरथरायला लागतो.

सिन्नरवाला

दहा_मीटर सरांशी बहुतेक सहमत, एका ठिकाणी नाही. मी स्प्रिंगवरच शिकलो आणि राज्य स्पर्धेपर्यंत गेलो. स्प्रिंगची रायफल लबाडी चालू देत नाही. छर्रा सुटल्यावरही नेम धरून राहायची जी सवय तिनं लावली ती आजही कामाला येते. पीसीपीवर शिकलेली मुलं ट्रिगर दाबला की मान वर करतात.

शिवाय पीसीपीचं सील गेलं तर निफाडला कोण बसवून देणार? स्प्रिंग वर्षानुवर्षं चालते. रिकामी झाडायची नाही आणि आत तेल ओतायचं नाही, एवढं पाळलं की झालं. तेल पडलं की दाबाच्या उष्णतेनं ते पेटतं, धूर निघतो, मोठा आवाज येतो, आणि पोरांना वाटतं बंदूक जोरदार झाली. खरं तर सील आणि स्प्रिंग दोन्ही खराब होत असतात.

दहा_मीटर

सिन्नरवाला, मुद्दा मान्य. मान वर करण्याबद्दल तर शंभर टक्के. पण तुम्ही शिकलात तेव्हा वय किती होतं? तेरा वर्षांच्या मुलीला साठ वेळा नळी मोडायला लावली की सराव नेमाचा न राहता दंडाचा होतो. म्हणून मी मध्यम ताकद म्हणालो.

दुर्बिणीचं लिहायचं राहिलं. सरावाच्या रायफलीवर दुर्बीण लावू नका. एक तर स्प्रिंगच्या उलट्या धक्क्यानं साधी दुर्बीण महिन्याभरात खिळखिळी होते. दुसरं, साध्या दुर्बिणी शंभर यार्डांवर जुळवलेल्या असतात, दहा मीटरवर डोळा जरा सरकला की नेम सरकतो. आणि स्पर्धेत दुर्बीण नसतेच. सुरुवातीच्या गटात ओपन साइट म्हणजे खाच आणि माशी, पुढे पीप साइट म्हणजे बारीक छिद्राची. पैसे उरले तर पीप साइटवर घाला. छिद्रातून वर्तुळात वर्तुळ बसवायचं असतं, मुलं ते चटकन शिकतात.

कॉलेजरोडची_आई

भाऊ, माझा मुलगा पाच वर्षं खेळला, म्हणून आईच्या बाजूनं लिहिते.

रायफल मुलीच्या मापाची आहे का ते बघा. बट खांद्याला लावून ट्रिगरवर बोट सहज पोहोचलं पाहिजे, मान पुढे ताणावी लागता कामा नये. बट लांब असेल तर मूल मागे वाकतं आणि पुढे कंबर दुखायला लागते. आम्ही ‘अजून वाढेल’ म्हणून मोठी घेतली. दीड वर्ष त्याची पाठ दुखत होती आणि आम्ही त्याला नीट उभा राहा म्हणून रागावत होतो. आजही आठवलं की जीव कळवळतो. मागेपुढे सरकणारा बट मिळाला तर चार पैसे जास्त द्या. वजनाचंही तेच. स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंत चालते म्हणून तेवढी जड घ्यायची नसते.

जुनी मॅच रायफल घेणार असाल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. दहा वर्षांपुढचं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरातही धोक्याचं. नवी परदेशी रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. मोठी मुलं खेळ सोडतात तेव्हा जुन्या निघतात, क्लबच्या सरांच्या कानावर घालून ठेवा.

आणि शिशाचे छर्रे हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय खाऊ देऊ नका. आमच्या घरी यावर रोज भांडण व्हायचं.

बागायतदार_निफाड

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद मुलीच्या आईला वाचून दाखवला.

भावाला वकीलसाहेबांचं लिहिलेलं वाचायला दिलं. तो गप्प बसला आणि मग म्हणाला, आपल्या शेतात मजूर बायका असतात, छर्रा कुठवर जातो कुणास ठाऊक. खरंच कुठवर जातो? आणि छर्रे कोणते घ्यायचे? दुकानात चपट्या तोंडाचे, गोल तोंडाचे, टोकदार असे सगळे दाखवतात.

दहा_मीटर

हवेत कोन करून झाडला तर .१७७ चा छर्रा काहीशे मीटर जातो. अडीच एकराची बाग म्हणजे शंभर मीटर लांब-रुंद धरा. म्हणजे तो तुमच्या बांधाच्या पलीकडेच पडणार. वेलीच्या मांडवाखाली कोण वाकून काम करतंय हे दिसतही नाही. तुमच्या भावाला हे सुचलं, फार बरं वाटलं.

छर्रे: दहा मीटरला चपट्या तोंडाचेच. कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं, गुण मोजताना वाद राहत नाही. गोल तोंडाचे लांबच्या अंतराला, टोकदार विसरा. पोलादी गोळ्या तर रायफलीत कधीच नाहीत, त्यांनी नळीतल्या खाचा झिजतात आणि गोळ्या उलटून डोळ्यात येतात. तीन-चार बनावटींचे एकेक डबे घ्या आणि वर सांगितलं तसे प्रत्येकाचे पाच-पाचचे चार गट घ्या. एकाच रायफलीतून एका डब्याचा गट सहा मिलिमीटर आणि दुसऱ्याचा चौदा, हे मी कितीदा पाहिलं आहे. जो डबा जुळला त्याचे वर्षभराचे छर्रे एकदम घ्या. दहा हजारांची जास्तीची रायफल जे देणार नाही ते कधीकधी काहीशे रुपयांचा छऱ्याचा डबा देऊन जातो.

घरी पॅकिंगची शेड असेल तर तिथेच दहा मीटर आखा. टार्गेटचं केंद्र जमिनीपासून १.४० मीटरवर. मागे लाकडी पेटीत जुन्या रबराचे तुकडे ठासून भरा, त्यामागे भक्कम भिंत. बाजूला दार असेल तर कडी लावून. चष्मा सगळ्यांना, बघणाऱ्यांनाही. रायफल कुलपात, छर्रे वेगळ्या कुलपात, आणि मुलगी एकटी असताना किल्ली तुमच्या खिशात.

सिन्नरवाला

देशीमध्ये प्रीसीहोल हाताळून बघा, आपल्या महाराष्ट्रातलीच कंपनी आहे, सुटे भाग मिळवायला सोपं. पण नाव बघून घेऊ नका, सरांनी सांगितलेला पाच छऱ्यांचा गट दुकानदारासमोर घ्या. घेऊ देत नसेल तर उठून या.

पुढची वाटही सांगतो. जिल्हा संघटना, मग राज्याची कॅप्टन इझिकेल स्पर्धा, पुढे मावळंकर स्पर्धा. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर, त्यांच्याच पुढाकारानं १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली. आपला स्वप्नील कुसाळे कोल्हापूरकडचा, पण नाशकात शिकलेला. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकला, त्या दिवशी आमच्या क्लबात मोठी माणसं रडत होती. तो प्रकार .२२ च्या काडतुसाच्या रायफलीचा, त्याला परवाना लागतो, त्याचा विचार मुलगी मोठी झाल्यावर. पण त्याचीही सुरुवात दहा मीटरच्या हवेच्या रायफलीनंच होते.

गोदाकाठ

पाखरांचं राहिलं. पाणी उतरायच्या आठ-दहा दिवस आधी जाळी लावा, नंतर नाही. एकदा चव लागली की थवा रोज येतो. जाळी ताणून बसवा, सैल राहिली तर पक्षी अडकून मरतात. चमकत्या पट्ट्या आठवडाभर चालतात, मग पाखरं सरावतात, जागा बदलत राहा. बांधावर एखादं उंबराचं झाड असेल तर तोडू नका, बुलबुलांचा निम्मा भार ते घेतं.

बागायतदार_निफाड

धागा वर आणतोय. अडीच महिने झाले, सांगायचं राहिलं होतं.

स्प्रिंगची मध्यम ताकदीची देशी .१७७ घेतली, सरकत्या बटाची. तीन दुकानं फिरलो. दोघांनी गट घेऊ दिला नाही, तिसऱ्यानं मागच्या गाळ्यात टेबल लावून दिलं. चार डबे छर्रे घेतले. घरी गट मोजले तर ११, ९, १४ आणि ६ मिलिमीटर. सहावाल्याचे वीस डबे आणले. पीप साइट बसवली. सगळं मिळून सव्वीस हजार झाले, पेटीचं लाकूड आणि रबर घरचंच.

डुकरांनी शेजाऱ्याचा मका पाडला तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्याला वनखात्यात अर्ज द्यायला लावला. पंचनामा झाला, तो भरपाईची वाट बघतोय. बागेला यंदा वेळेत जाळी लावली. उत्तरेकडच्या दोन ओळींना कमी पडली, तेवढ्या दोन ओळी पाखरांनी खाल्ल्या.

शेडमध्ये रोज संध्याकाळी चाळीस छर्रे. पहिल्या आठवड्यात सहा-सात पडायचे. सिन्नरवाल्या दादांनी सांगितलं तसं छर्रा सुटल्यावर मनात तीन मोजायला लावलं. काल रात्री तिनं दहा छऱ्यांचा कागद आणून माझ्या ताटाशेजारी ठेवला. पाच दहा, चार नऊ, एक आठ. ९४. आठ कुठला विचारलं तर म्हणाली तिसरा, तेव्हा बाहेर ट्रॅक्टर आला होता. कागदावर तारीख लिहून भावानं तो शेडच्या भिंतीला लावला आहे. हात धुतले का, असं तिच्या आईनं आधी विचारलं.

एक प्रश्न. उभं राहताना तिचा डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकत नाही, हवेत राहतो. हात लांब आहेत की उभं राहायची पद्धत चुकतेय?

दहा_मीटर

९४! शाब्बास म्हणावं तिला.

बहुतेक पाय टार्गेटला पुरेसे आडवे नाहीत. डावी कंबर टार्गेटकडे थोडी ढकलायला सांगा, हाड आपोआप कोपराखाली येईल. तरी नाही आलं तर शनिवारी क्लबला येताना रायफल घेऊन या, मी दहा वाजेपर्यंत तिथेच असतो.